स्विमिंग पूल दाखवून घर विकले, आणि पूल निघाला दुसऱ्याच्या वावरात

माझे ३१,७५,००० रुपये गेले. त्यांपैकी २४,००,००० रुपये घराचे, धनादेशाने दिले. ६,५०,००० रुपये स्विमिंग पूल, पंप आणि फिल्टरचे, रोख. आणि १,२५,००० रुपये दलालाचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे मुलांकडून क्षेत्रफळाची गणिते घोटून घेतलेल्या माणसाने स्वतःची जागा मोजून घेतली नाही, हे लिहिताना लाज वाटते. परंतु तोच दलाल आजही गिऱ्हाईक शोधत फिरतो आहे, म्हणून लिहितो.

घर चिखलदऱ्याच्या वाटेवर, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या एका लहान गावात आहे. आमच्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात मे महिन्यात ४५ अंशांत होरपळणाऱ्या माणसाला वरची गार हवा आणि निळे पाणी एकाच वेळी दिसले की त्याची निम्मी अक्कल खालीच राहते. "दिवसाचे ६,००० भाडे धरा, वर्षाचे दोनशे दिवस धरा, गुरुजी," असे दलाल म्हणाला आणि मी ते वहीत उतरवूनही घेतले. वरचा उन्हाळा केवढा, हे मात्र त्या वहीत कुठेच नाही. पाण्यात उतरावेसे वाटेल असे दिवस तिथे एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच असतात. पुढे धुके आणि पाऊस, दिवाळीनंतर कडाक्याची थंडी. पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते ती धबधबे पाहायला, पोहायला नव्हे. आणि ज्या दोन-अडीच महिन्यांत पूल हवा, नेमक्या त्याच दिवसांत डोंगरावर पिण्याच्या पाण्याची मारामार. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल म्हणजे ४८,००० लिटर. खालून येणारे दहा हजार लिटरचे पाच टँकर, प्रत्येकी २,२०० रुपये.

ज्या क्षणी मी मागे फिरायला हवे होते, तो क्षण अजून झोप उडवतो. पुलाच्या आतील टाइल्सवर, पाण्याखाली साधारण गुडघ्याच्या उंचीवर, चारही बाजूंनी एक तपकिरी रेघ होती. तळाशी साचलेले पाणी महिनोन्‌महिने तिथेच थांबल्याशिवाय अशी रेघ पडत नाही. वरचे पाणी नवे होते. मी रेघेकडे बोट दाखवले, तेव्हा राखणदार सहज बोलून गेला, "पानी कालच आलं जी." दलालाने त्याच्याकडे डोळे वटारले आणि मला म्हणाला, "याले काही समजत नाही, गुरुजी, तुम्ही इकडं या, दरी पाहा." मी दरी पाहायला गेलो. सौभाग्यवतीने परतीच्या वाटेवर त्या रेघेविषयी पुन्हा विचारले, तर मी तिच्यावरच खेकसलो.

लोक विचारतात, रोख कशी दिली? पूल खरेदीखतात घेतला तर मुद्रांक शुल्क वाढेल, तो पावतीवर वेगळा ठेवू, असे सांगितले गेले आणि मला ते शहाणपणाचे वाटले. निवृत्तीचे पैसे हातात असलेल्या माणसाला शुल्क वाचवण्याचा मोह होतो, त्यात मी काही जगावेगळा नाही. पावती आजतागायत मिळालेली नाही. स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे मला नंतर कळले. मनाई घेणाऱ्याला असली तरी शुल्क वाचवायला रोख दिली ती मीच, म्हणजे तक्रार करताना निम्मा आरोपी मीच.

खरेदीनंतर पाच दिवसांत पाणी वीतभर उतरले. पुलाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून बादलीतल्या आणि पुलातल्या, दोन्ही पाण्याच्या पातळीवर खूण करा. बादलीपेक्षा पुलातले पाणी जास्त उतरले तर ते उन्हाने आटलेले नसून झिरपलेले असते. ही साधी परीक्षा मला गवंड्याने सांगितली, सौदा झाल्यावर.

गळतीचे दुःख आठवडाभरच टिकले, कारण पुढच्या रविवारी शेजारचा एक कोरकू म्हातारा कुंपणाशी येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, हे माह्यं वावर आहे जी." पूल पूर्णपणे त्याच्या गटात खोदलेला होता. महिन्याला ५०० रुपये देण्याच्या बोलीवर त्याची संमती घेतली होती आणि तेही त्याला कधी मिळाले नाहीत. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी सरळ व्यवहार करून प्रश्न मिटवण्याची वाटही बंद.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलिसांनी, "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा," म्हणून अर्जावर पोचसुद्धा दिली नाही. तिसऱ्या खेपेला दिली, त्यावर तारीख नाही. नोंदणी कार्यालयात सांगितले की आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. तलाठी दौऱ्यावर, मग रजेवर, मग बैठकीत. एकदा तर समोर बसलेला मनुष्यच "साहेब नाहीत" म्हणाला आणि भिंतीवरच्या फोटोत साहेब तोच होता. मोजणीचे शुल्क भरून साडेचार महिने थांबलो, तेव्हा कर्मचारी आले आणि पूल हद्दीबाहेर आहे हे सांगून गेले, जे म्हाताऱ्याने फुकट सांगितले होते. ज्याची फसवणूक झाली त्यानेच सगळे कागद गोळा करायचे असतील तर ही कार्यालये नेमकी कोणासाठी उघडतात?

सातबारा पाहून समाधान मानू नका, मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, मागा आणि ती हातात धरून हद्दीवर स्वतः चाला. चतुःसीमा टेबलावर बसून वाचू नका, जागेवर उभे राहून वाचा. खरेदीखतात जे नाही ते तुमचे नाही, मग ते कितीही निळे असो. राखणदाराला एकटे गाठा, आणि शक्यतो न सांगता जा, तेही पावसाळ्यात एकदा.

दलाल मोबाइलमध्ये पुलाचे जे छायाचित्र दाखवतो, त्यात उजवीकडे तीन पायऱ्या आहेत, मधल्या पायरीची कोपऱ्याची टाइल फुटलेली आहे आणि मागे आवळ्याचे झाड दिसते. ते झाडही म्हाताऱ्याचेच आहे.