स्टेशनवरचं बूटपॉलिश: खरचटलेल्या बुटांना किती उपयोगी?

लोकलमध्ये चढता-उतरता बुटांची टोकं सगळ्यात आधी खरचटतात. सीएसएमटी, दादर, चर्चगेटला पेटी मांडून बसलेल्या पॉलिशवाल्यांकडे हे ओरखडे जातात का? काळ्या बुटांचे बहुतेक जातात. टॅन किंवा तपकिरी बुटांना नुसत्या त्या पॉलिशवर सोडू नये.

आधी ओरखड्यावरून ओला कपडा फिरवून बघा. दुसऱ्याच्या सोलचं रबर नुसतं वर चिकटलेलं असेल, तर ते कपड्याने किंवा साध्या खोडरबराने निघतं. चामड्याचा रंगच उडून फिकट, खरखरीत डाग राहिला असेल तर काम वेगळं.

डबीतलं पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण आणि टर्पेंटाइनसारखं द्रावण. रंग त्यात बेताचाच. उघड्या पडलेल्या तंतूंमध्ये ते कमी-जास्त मुरतं, आणि टॅन बुटावर ओरखड्याच्या जागी उलट गडद चट्टा उठतो. काळ्यात हा फरक दिसत नाही. यात कारागिराच्या हाताचा दोष नाही. ब्रश मारण्यात ही मंडळी पटाईत आहेत. रंग भरायला बुटांचं रंगीत क्रीम लागतं आणि पेटीत ते सहसा नसतं.

म्हणून क्रीमचं काम घरी करा. लेस काढा, सोलच्या कडेची धूळ ब्रशने झाडा, ओल्या कपड्याने पुसून बूट पूर्ण वाळू द्या. तंतू उभे राहिले असतील तर हजार नंबरचा पॉलिश पेपर (बारीक सँडपेपर) अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, तोही फक्त डागावर. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढं रंगीत क्रीम सुती कपड्यावर घेऊन गोल-गोल चोळा. छटा जुळत नसेल तर एक घर फिकट घ्या. गडद झालेलं परत फिकं करता येत नाही. न्यूट्रल, म्हणजे बिनरंगी क्रीमने रंग येत नाही. पंधरा मिनिटं थांबून ब्रश मारा, फिकट दिसलं तर दुसरा हात द्या.

दुसऱ्या दिवशी ते बूट स्टेशनवर न्या, आणि खरी मजा इथे आहे: घरी तासभर घासून येत नाही अशी चमक ते काही मिनिटांत काढतात. ब्रश पेटीवर ठोकला की पाय बदलायचा. एवढं मात्र आधीच सांगा, ‘दादा, लिक्विड नको, डबीचंच लावा.’ स्पंजच्या बाटलीतलं लिक्विड लगेच चकाकतं, पण त्याचा थर चामड्यावर पापुद्र्यासारखा बसतो, बोटांपाशी वळतो तिथे तडकतो आणि पुढचं क्रीम आत जाऊ देत नाही. टूथपेस्टचा घरगुती उपाय तर नकोच. तिच्यात घासणारी पूड असते, उरलासुरला रंगही ती खरवडून काढते.

पावसाळ्यात भिजलेल्या बुटांवर पॉलिश करून घेऊ नका, ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला, सावलीत निदान एक दिवस वाळवा. सुएडचे, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या चामड्याचे बूट त्या पेटीवर ठेवूच नका, मेणाने त्याची लव कायमची चिकटते. आणि नख अडकेल इतका खोल चरा असेल तर पॉलिशवर पैसे घालवू नका, दुरुस्तीवाल्याकडून फिलर भरून घ्या.