जुन्या गाडीचा रेडिएटर: साफ करायचा, दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली आणि टेम्परेचरचा काटा मधली खूण ओलांडायला लागला, की पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो: रेडिएटर गेलाय, बदलून टाका. कधी तो बरोबर असतो. पण कितीदा तरी नवा रेडिएटर बसतो, बिल चुकतं होतं आणि काटा पुन्हा तिथेच जातो, कारण दुखणं दुसरीकडेच होतं. म्हणून तीन पर्यायांकडे वळण्याआधी दोष रेडिएटरचाच आहे का, ते पाहू.

गाडी नेमकी केव्हा तापते? ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागली की काटा खाली येतो, तर संशय फॅनवर घ्या. वेगात असताना वारा आपोआप मिळतो. हळू चालताना तो फॅनलाच ओढावा लागतो. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा फॅन सुरू होतो. तुमच्या गाडीत तसं असेल आणि एसी लावूनही तो फिरत नसेल, तर आधी फ्यूज, रिले आणि मोटर तपासा. जुन्या, इंजिनवर फिरणाऱ्या फॅनमध्ये हाच दोष व्हिस्कस क्लचमध्ये, म्हणजे फॅनला इंजिनशी जोडणाऱ्या दाट तेलाच्या जोडणीत, निघतो.

उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक पण वेगात किंवा चढावर तापत असेल, तर बहुधा कुलंट, म्हणजे इंजिनची उष्णता रेडिएटरकडे वाहून नेणारं द्रव, पुरेसं फिरत नाहीये. तुंबलेला रेडिएटर इथे पहिला संशयित असला तरी एकटा नाही. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह), पाती झिजलेला वॉटर पंप, आणि नरम पडून वेगात आत चिमटणारा खालचा होज पाइप यांचीही हीच लक्षणं असतात. थर्मोस्टॅट तपासणं अगदी सोपं आहे. तो काढून भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, पाणी तापवा आणि थर्मामीटर धरा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, म्हणजे बहुतेक गाड्यांत ८२ ते ९२ सेल्सिअसला, तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा घाला. थर्मोस्टॅट काढून तसंच चालवा म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहिल्याने कुलंट रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं, म्हणजे तापणं उलट वाढतं.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही, आणि सगळ्यात स्वस्त भाग तोच. पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने एक बार दाब धरला की तेच जवळजवळ १३० अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरलं, की हे वरचे वीसेक अंश हातचे जातात. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा दिसत असेल, तर झाकणाचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असं समजा. नवं झाकण घेताना दाबाचा आकडा गाडीसाठी सांगितलेलाच हवा. आणि गरम इंजिनवर झाकण कधीही, कशासाठीही उघडू नका. वाफेने तोंड-हात भाजतात.

आता ज्याची भीती असते ते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात होज पाइप दगडासारखा कडक होतो, कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात, बाहेर थेंबही न गळता पातळी खाली जाते, इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो: हे हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं, काम आहे. तिथे रेडिएटरवर केलेला खर्च वाया जाईल.

हे सगळं पाहूनही बोट रेडिएटरकडेच राहिलं, तर पुढची निवड.

गळती नसेल आणि नुसता कचरा साचला असेल, तर साफसफाईने भागतं. सुरुवात बाहेरून करा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढ्यात असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत माती, पानं, किडे असे काही दाबून बसतात की वारा जाळीतून जातच नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने पाणी मारा. जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पट्ट्या वाकतात. आतून कितपत तुंबलंय, ते इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवतं, म्हणून जाळीवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवून त्यांच्यावर नेम धरा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. इतकं तुंबलेलं असेल तर नुसत्या फ्लशिंगवर, म्हणजे आतून पाणी सोडून धुण्यावर, माझा विश्वास नाही. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या रेडिएटरमधला कडक क्षार त्याने सुटत नाही, आणि जालीम रसायन घातलं तर क्षारानेच बुजलेली बारीक भोकं मोकळी होऊन गळती सुरू होऊ शकते.

दुरुस्ती करायची की नाही, हे रेडिएटर कशाचा आहे यावर ठरतं. तांब्या-पितळेचा असेल तर जरूर करा. त्याच्या टाक्या डाग सोडवून वेगळ्या करता येतात, नळ्यांतून सळई फिरवता येते, गळकी जागा झाळता येते, अगदी जाळीही नवी घालता येते. जाणता कारागीर मिळाला तर असा रेडिएटर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्हीकडे प्लॅस्टिकच्या टाक्या असतील, तर मी दुरुस्तीच्या वाटेला जाणार नाही. उष्णतेने ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक एका जागी जोडलं की दुसरीकडे तडकतं. गळती बुजवणारी पावडर घरी पोहोचण्यापुरती ठीक; कायमची ठेवली तर हीटरच्या अरुंद नळ्या तीच आधी बंद करते.

अशा गाडीला नवा रेडिएटर हेच शहाणपणाचं. दुकानात जुना शेजारी ठेवून जाळीची जाडी, होज पाइपच्या तोंडांचा व्यास आणि फॅनच्या बोल्टांच्या जागा जुळवून बघा. जाडी कमी निघाली तर घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो. गिअर ऑटोमॅटिक असतील तर गिअरचं तेल थंड करणारी नळी बहुधा याच रेडिएटरमधून जाते. ती आतून फुटली तर कुलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं, म्हणून ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटर आतून सडल्याची शंका जरी आली तरी मी थांबणार नाही.

यांपैकी काहीही केलंत तरी भरताना कुलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच प्रकारचं घ्या, नुसता रंग जुळवून नव्हे. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. हवा आत अडकली तर नव्या रेडिएटरवरही काटा चढतो. पुढचे काही दिवस सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीतली पातळी बघत जा आणि कमी झाली तर भरा. सांडलेलं कुलंट लगेच पाण्याने धुऊन टाका. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते विषारी असतं.