शुगरसाठी ॲपवरचा कोच घ्यावा का दवाखान्यातला शनिवारचा क्लास?

मागच्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच विचारलं, की शुगरसाठी ते ॲपवरचं कोचिंग (चॅटवर, व्हिडिओ कॉलवर सल्ला देणारा कोच असतो ते) लावावं का दवाखान्यात शनिवारचा जो क्लास असतो तिथे जावं. मी दोन्ही केलंय. ॲप नऊ महिने, क्लासला आता दीड वर्ष होईल, आणि मधले चार महिने दोन्ही सोबतच सुरू होते. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. शुगर काय असते, गोड काऊन टाळायचं, हे सांगत बसत नाही, ज्याला हा प्रश्न पडतो त्याला तेवढं माहीत असतंच.

माझं थोडक्यात सांगतो. टाइप २, अकरा वर्षं झाली, तीन वर्षांपासून रात्रीचं इन्सुलिन. २०२२ मध्ये डाव्या तळपायाला जखम झाली होती, भरायला अडीच महिने गेले आणि अंगठ्याखालची ती जागा तेव्हापासून बधीरच आहे.

ॲपचं चांगलं आधी सांगतो कारण चांगलं खरंच होतं. मीटर मोबाइलला जोडलं की रीडिंग आपोआप चढतं, वहीत लिहायची कटकट नाही, आणि ग्राफ समोर दिसला की माणूस स्वतःशी खोटं बोलू शकत नाही. रविवारी सकाळी चौकात तर्री पोहे खाल्ले की दोन तासांनी माझी शुगर २४०-२५०, आणि घरी मुगाचे चिले खाल्ले तर १६०-१७०, हे मला डॉक्टरांनी किती वर्षं तोंडाने सांगितलं असेल पण पटलं ते सहा रविवारचे ठिपके एका ओळीत बघितल्यावर. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं आणि अजून कमीच असेल तर परत घ्यायची, हे मी ॲपच्याच दोन मिनिटांच्या व्हिडिओत शिकलो. एका रात्री अडीच वाजता घामाने जाग आली, मीटरवर ६२, तेव्हा तेच आठवलं आणि तेच केलं. आधी मी अशा वेळी डबा उघडून जे हाती लागेल ते खात सुटायचो आणि सकाळी ३०० घेऊन उठायचो.

खाण्याच्या यादीत मात्र आपल्या विदर्भातलं फारसं काही नाही. गोळाभात नाही, पातोडी नाही, लंबी रोटी तर नाहीच, आणि एका लंबी रोटीत किती फुलके धरायचे हे मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. पण हे मी चालवून घेतलं असतं, खरंच. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी ॲप सोडू नये.

माझं मन उडालं ते कोच बदलण्यावरून. नऊ महिन्यांत चार कोच. पहिल्या मुलीला मी सगळं सांगितलं, जखम, बधीरपणा, रात्रीचं इन्सुलिन, सकाळी आठची ड्युटी, आईच्या आजारपणामुळे घरात जेवणाच्या वेळा कशा हलतात ते पण. ती छान ऐकायची. दोन महिन्यांनी एक दिवस मेसेज, नमस्कार सर, मी तुमची नवीन कोच, तुमची हिस्टरी थोडी सांगाल का. परत सांगितली. नंतर तिसरी, परत तेच. ज्याला शुगर नाही त्याला हे छोटं वाटेल. पण आपला आजार परत परत पहिल्यापासून सांगायचा म्हणजे दर वेळी ती जखम परत उघडल्यासारखं होतं, आणि तिसऱ्यांदा सांगताना माणूस आपसूक कमी सांगतो, अर्धं गाळतो, समोरच्याकडे लिहिलेलं असेलच असं धरून चालतो.

मी पण तेच धरून चाललो. तिसऱ्या कोचने पहिल्याच आठवड्यात रोजची १०,००० पावलं करायला सांगितली. मला वाटलं हिने माझं रेकॉर्ड बघूनच सांगितलं असेल, म्हणून नवीन बूट आणले आणि चार दिवस फुटाळा तलावावर संध्याकाळी चाललो. चौथ्या दिवशी बायकोने मोजा धुवायला घेतला तर ओला लागला. बघितलं तर त्याच जागी फोड येऊन फुटलेला, आणि मला काही कळलंच नव्हतं, कारण तिथे दुखतच नाही! नशीब म्हणा, वरवरचं होतं, रोजच्या ड्रेसिंगने आठ-दहा दिवसांत भरलं, पण ते आठ दिवस आम्ही दोघं घरात कसे काढले ते आम्हालाच माहीत. कोचला कळवलं तर बिचारीने मनापासून माफी मागितली आणि सांगितलं की तिच्या स्क्रीनवर मागच्या तीस दिवसांचंच चॅट दिसतं. म्हणजे चूक त्या मुलीची नव्हतीच. आठवण ठेवायची सोयच तिथे नव्हती. सगळ्याच ॲपमध्ये असं असेल असं मी म्हणत नाही, तुम्ही घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी एवढं एकच विचारा, की कोच बदलला तर माझी जुनी माहिती त्याला दिसते का.

आता क्लास. इथे नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात दर शनिवारी अकरा ते साडेबारा, दहा-बारा जण असतात, एक डायबिटीस एज्युकेटर, म्हणजे शुगर कशी सांभाळायची ते शिकवणाऱ्या, ताई घेतात. दीड वर्षात त्याच आहेत. माझी कागदाची फाइल आहे, कोपरे मुडपलेली. पहिल्या दिवशी खाण्याचं बोलायच्या आधी त्या म्हणाल्या, भाऊ, मोजे काढा. मग नायलॉनच्या जाड दोऱ्यासारखी एक काडी असते, १० ग्रॅमच्या दाबाला वाकते ती, ती तळपायाला ठिकठिकाणी टेकवतात आणि आपण डोळे मिटून कळलं का ते सांगायचं. कागदावर पायाचं चित्र काढून जिथे कळत नाही तिथे फुली मारली. दर तीन महिन्यांनी तोच कागद निघतो. मला एक अक्षर परत सांगावं लागत नाही, उलट त्याच विचारतात, तो फोड आला होता तिथली चामडी आता कशी आहे.

दुसरी गोष्ट हाताने तपासण्याची. मी इन्सुलिन वर्षभर बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी घेत होतो, तिथे टोचलेलं दुखत नाही म्हणून. ताईंनी बोटांनी दाबून बघितलं तर तिथे गाठी झालेल्या. अशा गाठीत घेतलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी तर कधी एकदम, म्हणून शुगर वरखाली होते. जागा बदलायला सांगितली, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण चांगल्या जागी घेतलं की तेवढाच डोस जास्त पडू शकतो आणि शुगर लो होऊ शकते. डॉक्टरांनी डोस चार युनिटने कमी केला. (तुम्ही आपल्या मनाने करू नका, विचारूनच.) व्हिडिओ कॉलवर मी नऊ महिने इन्सुलिन नीट घेतो म्हणून सांगत होतो आणि ते खोटंही नव्हतं, पण फोनमधून गाठ हाताला लागत नाही ना.

क्लासमध्ये शेवटची वीस मिनिटं ठरवण्याची असतात. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात एकच छोटी गोष्ट काय करणार ते बोलायचं, कधी, किती वेळा, आणि ० ते १० मध्ये स्वतःची खात्री किती. सातच्या खाली आकडा आला तर ताई सोडत नाहीत, म्हणतात गोष्ट लहान करा. मी म्हटलं रोज चालीन, खात्री पाच. ते कमी करत करत आठवड्यातून तीनदा जेवणानंतर पंधरा मिनिटं, पायाला जपून, खात्री आठ, एवढ्यावर आलं. आणि झालंही. ही पद्धत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट आजार असलेल्यांसाठी बसवली, सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, आणि वर्ग चालवणाऱ्या दोघांपैकी निदान एक जण स्वतः तसला आजार असलेला. आमच्याकडे तेवढं साग्रसंगीत नाही, पण त्यातला गाभा हाच आहे. आणि पुढच्या शनिवारी दहा लोकांसमोर सांगायचं असतं म्हणून माणूस करतोच. ॲपवर मी झालं नाही तरी टिक करून मोकळा व्हायचो.

अजून एक सांगण्यासारखं. आमच्यात उमरेडकडच्या एक काकू येतात, त्यांना सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) आहे. त्यांचा तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट, एचबीएवनसी, छान यायचा आणि घरच्या मीटरवर मात्र दोनशेच्या वर. ताईंना लगेच लक्षात आलं. ती तपासणी लाल पेशींवर चालते, पेशी साधारण १२० दिवस जगतात असं धरून, आणि सिकलसेलमध्ये त्या लवकर मोडतात, मग आकडा खोटा कमी दिसू शकतो. डॉक्टरांनी त्यांचं सगळं घरच्या रीडिंगवर आणलं. आपल्या विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको, म्हणून ज्यांच्या घरात आहे त्यांनी नुसत्या त्या रिपोर्टवर खूश होऊ नये.

मे महिन्याचं पण तसंच. ॲपच्या व्हिडिओत होतं, वापरातलं इन्सुलिनचं पेन रूम टेंपरेचरला ठेवा. बरोबरच आहे, पण ती रूम २५-३० डिग्रीची धरलेली आहे, नागपुरात मे मध्ये बाहेर ४५ असताना वरच्या मजल्यावरची खोली तशी राहते का बापा! क्लासमध्ये मडक्याचं शिकवलं, मोठ्या मातीच्या भांड्यात पाणी, त्यात छोटं मडकं, त्यात पेन झाकून. न वापरलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरमध्ये कधीच नाही, आणि स्कूटरच्या डिक्कीत तर अजिबात नाही.

क्लासच्या अडचणी आहेतच, लपवत नाही. अकराचा क्लास सव्वाअकराला सुरू होतो. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, मी आता मेट्रोने काँग्रेसनगरला उतरून चालत जातो. शनिवारी ज्याला सुट्टी नाही त्याचं काही होत नाही, दिवाळीत तीन आठवडे बंद होता. एखादे काकाजी बोलायला लागले की अर्धा तास त्यांचाच. काही खाजगी गोष्टी चारचौघांत विचारता येत नाहीत, त्यासाठी मागे थांबावं लागतं. आणि रात्रीबेरात्री विचारायला कोणी नाही.

पैशाचं म्हणाल तर मला ॲप तीन महिन्यांना साडेचार हजार पडलं, क्लासचे एका वेळचे दोनशे, जोडीदार फुकट. हे जोडीदाराचं महत्त्वाचं आहे, कारण ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं आणि स्वयंपाक बायकोच्या हातात, तिला मी काय सांगेन तेवढंच कळायचं. आता ती स्वतः विचारते, भाताऐवजी काय, ज्वारीची भाकर किती, आणि माझ्यापेक्षा जास्त शिकली आहे.

माझं एचबीएवनसी ९.१ वरून ७.४ आलं, पण दोन्ही सोबत होतं आणि डोसही बदलला, त्यामुळे श्रेय कोणाला ते मी सांगू शकत नाही. तुम्ही गडचिरोली-वणीकडे असाल, फिरतीची नोकरी असेल, शुगर नवीन असेल आणि पाय-डोळे ठीक असतील तर ॲपने सुरुवात करायला हरकत नाही, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. पण इन्सुलिन सुरू असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा एकदा जखम होऊन गेली असेल, तर मला वाटतं तुम्हाला ओळखणारं एक माणूस पाहिजे. माझं ॲपचं सबस्क्रिप्शन संपलं तेव्हा मी परत भरलं नाही, ग्राफ तेवढा मीटरच्या फुकटच्या ॲपवर बघतो.

पहिल्यांदा जाताना मीटर न्या, गोळ्यांची सगळी पाकिटं न्या, इन्सुलिनचं पेन सुईसकट न्या, कारण टोचून दाखवायला सांगतात, आणि मोजे-बूट पटकन निघतील असे घाला.