हॅश तपासणाऱ्या पीवायसी फायली : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा पायथन प्रोग्रॅम पॅकेज करून अनेक सर्व्हरवर बसवला जातो. गेले आठ महिने आम्ही त्यातील पीवायसी फायली (मूळ कोड कंपाइल करून, म्हणजे पायथनला थेट चालवता येणाऱ्या बाइटकोडात बदलून, साठवलेल्या फायली) वेळेऐवजी हॅशवर (मूळ फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावर) तपासल्या जातील अशा बनवतो. ही सोय पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. जाग आम्हालाच उशिरा आली.

मूळ पद्धतीत पीवायसीच्या पहिल्या १६ बाइटांत मूळ फाइल शेवटची बदलल्याची वेळ (सेकंदांपर्यंतच) आणि तिचा आकार नोंदलेला असतो. दोन्ही जुळले तर तयार बाइटकोड वापरला जातो, नाहीतर फाइल पुन्हा कंपाइल होते. आमचा इन्स्टॉलर कॉपी करताना मूळ वेळा जपत नव्हता, त्यामुळे प्रत्येक पीवायसी शिळी ठरे. एरवी हा भुर्दंड एकदाच पडतो. पण फोल्डर रूटच्या (प्रशासकाच्या खात्याच्या) मालकीचे आणि प्रोग्रॅम साध्या खात्यावर चालणारा असल्याने नवी पीवायसी लिहिलीच जात नसे आणि दर वेळी सगळी मॉड्यूल (कोडच्या फायली) नव्याने कंपाइल होत. एररचा मागमूस नव्हता. पायथनला ‘-व्ही’ पर्याय दिला, तेव्हा ‘बाइटकोड इज स्टेल’ अशा ओळींची रांग दिसली.

उपाय म्हणून बिल्डमध्ये (पॅकेज तयार करताना) सर्व फायलींना एकच ठरावीक वेळ दिली आणि आगीतून फुफाट्यात पडलो. एका मॉड्यूलमधला टाइमआउट ३० चा ६० केला. बिल्डचे फोल्डर आम्ही रिकामे करत नव्हतो, म्हणून कंपाइलऑलने (पीवायसी आधीच बनवून ठेवणाऱ्या पायथनच्या साधनाने) वेळ तीच पाहून जुनी पीवायसी तशीच ठेवली, आणि आकारही तोच असल्याने पायथननेही ती बिनतक्रार स्वीकारली. फाइल उघडली की ६० दिसे, चालताना ३० लागू होई. अर्धा दिवस मी निर्दोष कोडवर संशय घेत बसलो होतो.

आता कंपाइलऑलला ‘चेक्ड-हॅश’ हा मोड देतो. त्यात प्रत्येक इम्पोर्टला (मॉड्यूल वापरायला घेताना) मूळ फाइल वाचून हॅश काढावा लागतो, पण आमच्याकडे तो विलंब जाणवला नाही. ‘अनचेक्ड-हॅश’ मध्ये तपासणीच होत नाही. जिथे फायलींना कोणी हात लावणार नाही तिथे तो उत्तम, पण सर्व्हरवर घाईने केलेली दुरुस्ती त्यात सरळ दुर्लक्षिली जाते, म्हणून आम्ही तो टाळला.

एक उणीव मात्र खटकते. पीवायसी आधी नसेल तर पायथन स्वतः बनवतो ती हॅशवर नव्हे, वेळेवरून तपासली जाणारीच असते. प्लगइनचे एक फोल्डर असे तीन महिने सुटून राहिले होते. आता बिल्डच्या शेवटी एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक पीवायसीचे पाचव्यापासूनचे चार बाइट वाचते. ते शून्य निघाले, म्हणजे पीवायसी वेळेवरून तपासली जाणारी ठरली, की बिल्ड थांबते.