125 सीसी टू-स्ट्रोक रेसिंग कार्टच्या इंजिनाची ताकद वाढवायला: हेड घासून उतरवायचं की पोर्ट कोरायचा?

हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) लेथवर घासून उतरवलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाचा दाब, वाढतं, वळणातून निघताना जोर मिळतो. फसलंच तर दुसरं हेड बसवता येतं. आधी स्क्विश (पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली फट) मोजा: स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन-पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी आडवी पिन) रेषेत कडेपर्यंत घाला, क्रँक हाताने फिरवा. चेपलेली तार साधारण 1 मिमी हवी. फारच पातळ आली तर वरच्या आरपीएमला पिस्टन हेडला टेकतो.

एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं जळका वायू बाहेर सोडणारं भोक) वरच्या बाजूला कोरला तर ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खालची जाते, कॉम्प्रेशनही घटतं. म्हणजे हेडला हात लावावाच लागतो! पोर्टची धारदार कड घासून नीट गोल केली नाही तर पिस्टनची रिंग अडकून तुटते, आणि कोरलेलं भरून येत नाही. ट्रॅकवर लांब सरळ पट्टे असतील तरच हा उद्योग. सुरुवातीला मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) मोठाच ठेवा.