नुसता डबा: 22,399 रुपयांचे शॉकअप

आकडा आधीच सांगतो, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. 22,399 रुपये. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. माझ्या काउंटरच्या काचेवर ‘ओळख पटल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका’ हा कागद मीच टाइप करून चिकटवलाय. आता शिपाई चहा ठेवताना तो मोठ्याने वाचतो.

गाडी 2018 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350. मागचे शॉकअप मेले होते. डबलसीट बसलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून आपटायची, आणि हिच्या कमरेचं दुखणं जुनं. कंपनीचेच परत टाकता आले असते, पण मला गॅसचे, बाजूला रिझर्व्हॉयर (गॅस-तेलाचा जादा डबा) असलेले, रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) कमीजास्त करता येणारे हवे होते. हौस होती, कबूल. चौदा वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाने एक हौस केली तर काय बिघडलं? शिवाय शॉकअप मी घरीच बसवतो. मेन स्टँडवर गाडी, स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) लाकडाचा ठोकळा, साडी गार्ड काढायचं, आणि एका वेळी एकच बाजू सोडायची म्हणजे चाक खाली येत नाही. मजुरी वाचते, त्या हिशेबानेच बजेट वाढवलं होतं.

व्हिडिओ दिसला तो दिल्लीच्या करोल बागेतल्या दुकानाचा. म्हणजे तो तसं सांगत होता. बाहेर चौतीस-पस्तीस हजाराला सांगितलेली जोडी याच्याकडे 18,500 ला, ‘कस्टममधून सुटलेला लॉट’. निम्म्या किमतीत कोणी काही देत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण फसवणारा घाई करतो असं आपण ऐकलेलं असतं, आणि हा उलट म्हणायचा, “भाईसाब, आराम से सोचिए, पीस कहीं नहीं जाएगा.” तीन दिवस एक फोन नाही. त्यामुळेच विश्वास बसला.

आता जो क्षण मला झोपू देत नाही तो सांगतो. 3,000 ॲडव्हान्स पाठवायचे होते. त्याने दिलेला नंबर टाकला, आणि स्क्रीनवर दुकानाचं नाव यायच्या जागी एका बाईचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला, दोन-तीन सेकंद. चेकवरच्या नावात एक वेलांटी चुकली तरी मी माणसाला परत पाठवतो. म्हाताऱ्या माणसांना उन्हातून दोन-दोन हेलपाटे घालायला लावलेत मी त्यासाठी. आणि इथे मनात काय आलं, तर ‘बायकोच्या नावावर खातं असेल, करंट अकाउंटचे चार्जेस वाचवत असेल’. त्याने सबब सांगितलीच नाही, मीच त्याच्या वतीने तयार केली. पिन टाकली.

मग त्याने पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला, खोक्यावर माझं नाव, पत्ता. त्यावर 15,500 गेले. कुरिअरचे 650 वेगळे. बिल मागितलं तर पीडीएफ आली, जीएसटी नंबरसकट. त्या नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. दिल्लीचा 07, आपला 27. याच्या बिलावर होता 09, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कोणाचाही नंबर तपासता येतो. मी तपासला, पण सगळं झाल्यावर. निघाला कुठल्यातरी किराणा होलसेलवाल्याचा. तुम्ही पैसे पाठवायच्या आधी तपासा, अर्धं मिनिट लागतं.

माल आला. बुशचं, म्हणजे शॉकअपच्या टोकाला बोल्ट जातो त्या नळीचं, भोक बोल्टापेक्षा मोठं, शॉकअप डुगडुगत होता. गाडीच्या मॉडेलसाठी म्हणून विकलेला किट असा येतो का? पण मी लेथवाल्याकडून 400 रुपयांत कॉलर, म्हणजे फट भरणाऱ्या कड्या, करून आणल्या. बसवून झाल्यावर सीट दाबून बघितली. चांगला शॉकअप दबला की सावकाश वर येतो, हा टुणकन उडाला. रिबाउंडची खुंटी फिरवली तर ना टिकटिक, ना काही फरक. नुसती गोल फिरत राहिली. दोन्ही नळ्यांवर सिरियल नंबर एकच होता, शेवटच्या आकड्यासकट. हे सगळं पाहूनही मी हिला म्हणालो, “नवीन आहे, जरा बसू दे.”

रविवारी कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणावर मागचं चाक हलायला लागलं. उतरून बघतो तर डाव्या शॉकअपमधून तेल स्विंगआर्मवर, तिथून रिमवर, टायरच्या कडेला लागलेलं. हिला जीपमध्ये बसवून पुढे पाठवलं आणि मी वीसच्या स्पीडने खाली आलो. डिग्रीजर लावून धुवायला 350. जुने शॉकअप भंगारात दिले नव्हते म्हणून गाडी उभी तरी राहिली. जुने पार्ट निदान सहा महिने टाकू नका.

त्याच लेथवाल्याने रिझर्व्हॉयर कापून दाखवला. आत ना गॅस, ना तेल, आणि मुख्य नळीकडे जायला भोकच नाही. “सायेब, ह्यो नुसता डबा हाय. क्लिपनं अडकवलाय.”

फोन केला तर विक्रेता अजून गोड. परत घेतो म्हणाला, फक्त रिटर्न पिकअपचं 2,499 डिपॉझिट, रिफंडसोबत परत मिळेल. पाठवले. हो, पाठवले. 18,500 अडकलेल्या माणसाला 2,499 लहान वाटतात, एवढंच म्हणेन. संध्याकाळी नंबर ब्लॉक.

आता आपल्या यंत्रणा. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, ती चूक माझी. तिथे तास मोजले जातात. पैसे पुढे गेले होते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकली, आम्ही काय करणार. ठाण्यात गेलो तर “सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, हा तर व्यवहार.” अहो, कापलेला डबा टेबलावर ठेवला होता मी! परत ठाण्यात. “दिल्लीची केस आहे, दिल्लीला जा.” भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 मोबाइलवर उघडून दाखवलं, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. साहेबांनी मोबाइलकडे न बघता विचारलं, “वकील आहात का?” अर्ज तीनदा लिहून घेतला. एकदा ‘शॉकअप’ म्हणजे काय ते कळत नाही म्हणून. बाहेर स्वतःची बुलेट लावलेल्या माणसाला! तिसऱ्या खेपेला आवक शिक्का मिळाला. शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, चहा विचारला तरी.

ग्राहक आयोगात आपण राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, हे खरं. पण सामनेवाल्याचा पत्ता लागतो. कोणाचा टाकू, किराणावाल्याचा?

त्याचं पेज अजून चालू आहे. परवा पॅकिंगचा नवा व्हिडिओ पडलाय. तेच खोकं, तीच टेप. नावावर अंगठा ठेवलाय, पण पिन कोड दिसतो, 416 ने सुरू होणारा. कोल्हापूरकडचे कोणी असाल आणि ते खोकं तुमचं असेल, तर उरलेली रक्कम अजून पाठवली नसेल. पाठवू नका.