वीतभर घोडा, पण कान एक नंबर

जळगावातल्या एका गॅलरीवाल्या काकांनी घरातलं स्वतःचं कलेक्शन कमी करायला काढलंय, त्यातला हा मिक्स्ड मीडिया घोडा साडेचार हजाराला घेतला. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा, वर कागदाच्या लगद्याचं अंग, खोगीर जुन्या चामड्याचं, आयाळ नि शेपूट केळीच्या खोडाच्या धाग्याची. आधी वाटलं जळगाव म्हणून उगाच केळी घुसवलीय, पण त्या धाग्याची जी पिवळट चमक असते ती इथं इतकी फिट बसलीय की नायलॉनने ते झालंच नसतं. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट नि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात सीट सीटच राहते तरी बैल दिसतो, तसंच काहीसं.

खरी मजा कानांत आहे. दोन्ही आत वळून टोकाला टेकलेले, म्हणजे घोडा मारवाडी नाहीतर काठेवाडी. आणि मागचा एक पाय ढिला सोडून उभाय, आरामात उभा असलेला घोडा असाच उभा राहतो, त्यामुळे बनवणाऱ्याने नुसते फोटो बघून केलेला नाही हे नक्की. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडेबाजार भरतो, तिथं मुरलेल्या आमच्या शहाद्याच्या मामांना दाखवला, तर त्यांनी कान, छाती, खूर सगळं तपासलं, दात तेवढे सोडले, नि म्हणे 'भारी शे भो'.

आता रडगाणं. बेस म्हणजे काळा रंग फासलेला प्लायचा तुकडा, कडा पण घासलेल्या नाहीत, नि एका खुराशी हॉट ग्लूचा, म्हणजे गरम करून लावायच्या नि उष्णतेने मऊ पडणाऱ्या गोंदाचा, थेंब तसाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा खिडकीत ठेवायची माझी तरी हिंमत नाही. कलाकाराचं नाव विचारलं तर 'एका पोराने दिला होता' एवढंच, हे कलेक्शन करणाऱ्या माणसाला शोभत नाही राव.

माझ्याकडून पाचपैकी चार. घेणार असाल तर कुठं काय वापरलंय ते बिलावर लिहून घ्या, कारण कागदाला कसर लागते, तांबं हिरवं पडतं, चामड्याला पावसाळ्यात बुरशी येते, प्रत्येकाची काळजी वेगळी. ओलं फडकं अजिबात नको, कोरडा मऊ ब्रश फिरवायचा. आणि घरात मांजर असेल तर सरळ काचेच्या कपाटात ठेवा, आमचीचा शेपटीवर पहिल्या दिवसापासून डोळा आहे.